सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी चप्पल पायातून का निसटते?

सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आहे. वय ४१. अडीच वर्षांपूर्वी तळपायांना मुंग्या सुरू झाल्या, आता त्या पोटऱ्यांपर्यंत चढल्यात. पापणी फडफडते, पोटरीत मधूनच काहीतरी वळवळतं, मुलांची नावं पटकन ओठावर येत नाहीत, सकाळी तोंड धुताना झोक जातो. डोक्याचा एमआरआय, ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख), पायांची एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी), रक्त, सगळं नॉर्मल. बी-१२ तर 'भरपूर' निघालं. चार डॉक्टर झाले. शेवटच्यांनी 'मनावर घेऊ नका' म्हणत झोपेची गोळी लिहून दिली आणि तेव्हापासून घरचेही तेच म्हणतात. त्यांनी विचारलंय की हे खरंच मानसिक आहे का, कोणती तपासणी राहिली, आणि पुण्या-मुंबईला जावं का. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : 'घर माळकरी आहे, आणि ॲसिडिटीची गोळी सोडली तर मी कुठलंही औषध घेत नाही.'

ताई, पत्र दोनदा वाचलं. तीन पानांतली अडीच पानं रिपोर्टांची आहेत. माझ्या कामाची वाक्यं त्यात दोनच सापडली. एक, तोंड धुताना झोक जातो. दुसरं तुम्ही संकोचून कंसात लिहिलंय : वर्गातून व्हरांड्यात आल्यावर लक्षात येतं की एका पायात चप्पलच नाही, आणि मुलं हसतात.

मी सत्तावीस वर्षं न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत बसतोय. चप्पल हे आमचं फार जुनं आणि फुकट उपकरण आहे. चप्पल निसटते म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पुढचा प्रश्न विचारतो : निसटताना कळतं का? कळत असेल, पण बोटांनी धरून ठेवता येत नसेल, तर ताकद कमी झाली आहे. निसटली तरी पत्ताच लागत नसेल, तर ताकद शाबूत आहे आणि पायाकडून वर जाणारी खबर कुठेतरी अडते आहे. हे दोन वेगळे आजार, वेगळ्या वाटा. तुम्हाला कळत नाही.

आता तोंड धुण्याचं. माणूस उभा राहतो तो तिघांच्या भरवशावर : डोळे, आतला कान, आणि तळपाय-घोट्यांकडून येणारी खबर. साबण लावून डोळे मिटले की एक भिडू गेला. पायांची खबर आधीच तुटलेली असेल तर उरला एकटा कान, आणि त्याच्या एकट्याने भागत नाही. मग माणूस बेसिन धरतो. १९ व्या शतकात बर्लिनचे डॉक्टर रोमबर्ग रुग्णाला पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायचे ते हेच बघायला. ती चाचणी आजही त्यांच्याच नावाने चालते. तुमची ती रोज सकाळी आपोआप होते आहे. चारांपैकी कोणी तुम्हाला डोळे मिटून उभं केलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला शंका आहे.

पायाची ही खबर कोणत्या वाटेने जाते ते बघा. तळपायातून पायाच्या नसांमध्ये, तिथून कमरेपाशी मज्जारज्जूत, मग मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने पाठ आणि मान चढून मेंदूत. तुमच्या तपासण्या या वाटेवर मांडून पाहू. डोक्याच्या एमआरआयने शेवटचं स्टेशन पाहिलं. एनसीव्हीने गुडघ्याखालचा टप्पा पाहिला. ईईजीचा या वाटेशी संबंधच नाही, ती फिट्सच्या शंकेसाठी असते. म्हणजे सांगलीहून सुटलेली एसटी पुण्याला पोचली नाही, आपण सांगली स्टँडवर विचारलं, स्वारगेटला विचारलं, दोन्हीकडे 'आमच्याकडे सगळं ठीक' म्हणाले आणि आपण घरी आलो. कराडला कोणी फोनच केला नाही. तुमची मान आणि पाठ कोणीही पाहिलेली नाही.

म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' या शब्दांवर माझा राग आहे. तपासणी फक्त तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाबद्दल ती गप्प राहते, आणि आपण त्या गप्प राहण्याला 'आजार नाही' असं नाव देतो. माझ्याकडे एकदा इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला होता. उजवा पंजा बारीक होत चाललेला, डिसेंबरात पेन धरता येईना, उन्हाळ्यात त्यातल्या त्यात बरं. मानेचा एमआरआय दोन वेळा झालेला, दोन्ही नॉर्मल. तिसरा आम्ही मान पुढे वाकवून करायला सांगितला. मान वाकली की मज्जारज्जू पुढच्या मणक्यांवर दाबला जात होता, सरळ झोपला की जागेवर. १९५९ मध्ये जपानच्या हिरायामांनी वर्णन केलेला हा आजार आपल्याकडच्या तरुण मुलांमध्ये चांगलाच दिसतो. मशीन तेच, माणूस तोच. फक्त मान वाकवायला कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगायला थंडीत पेन सुटतं हे कोणीतरी ऐकावं लागतं.

तुमच्याकडे परत येतो. मज्जारज्जूची मागची बाजू सावकाश बिघडवणारं, आपल्या मुलखात सर्रास सापडणारं आणि वेळेत धरलं तर सुधारणारं एक कारण आहे : बी-१२ ची कमतरता. तुम्ही म्हणाल, ते तर भरपूर निघालं. रिपोर्टवरची तारीख बघा. तुम्हीच लिहिलंय की मुंग्या सुरू झाल्यावर गावातल्या डॉक्टरांनी आधी 'ताकदीची लाल इंजेक्शनं' दिली आणि दोन महिन्यांनी शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. ते लाल इंजेक्शन बहुधा बी-१२ च असतं. ते घेतल्यावर रक्तातला आकडा आठवडे, कधी महिने फुगलेला राहतो. पगाराच्या दिवशी पासबुक बघून हा माणूस वर्षभर कसा जगला ते कळत नाही, तसंच हे. इंजेक्शनाआधीचा एखादा जुना रिपोर्ट असेल तर शोधा, अगदी हिमोग्लोबिनचा साधा कागद असला तरी. त्यात तांबड्या पेशींचा आकार, एमसीव्ही नावाचा आकडा असतो. तो १०० च्या वर असेल तर मोठा पुरावा आहे. नसेल तरी बी-१२ सुटत नाही, कारण नसांचं नुकसान रक्त अगदी व्यवस्थित असतानाही होऊ शकतं, आणि सोबत लोह कमी असेल तर आकार मधल्यामध्ये 'नॉर्मल' दिसतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कमतरतेवर वर्षानुवर्षं काम केलंय. शाकाहारी माणसांमध्ये ती किती पसरलेली आहे हे आपल्याला कळलं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. बी-१२ वनस्पतींमध्ये नसतं. माळकरी घरात मटण-मासे नाहीत, अंडंही नाही, म्हणजे उरलं दूध-दही. आणि शाळेत जाणाऱ्या बाईच्या वाट्याला दूध किती येतं? चहात पडेल तेवढं. माळ काढा असं मी कोणालाही सांगत नाही, गरजही नाही. गोळी किंवा इंजेक्शनने हे भरून निघतं. पण पाच इंजेक्शनं घेऊन थांबायचं नसतं, आणि तुम्ही तिथेच थांबलात.

आता ती शेवटची ओळ. 'ॲसिडिटीची गोळी सोडली तर.' किती वर्षं चालू आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल ही औषधं ते आम्लच बंद करतात. वर्षानुवर्षं रोज घेतली तर जे थोडं दुधातून येत होतं तेही नीट शोषलं जात नाही. मधुमेहाच्या किंवा पीसीओडीच्या मेटफॉर्मिनचंही तसंच. दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. आपल्याकडे या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा लेवोसल्पिराइड मिसळलेलं असतं. ते मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे हालचाल नीट ठेवणाऱ्या रसायनाच्या, आड येतं. हात कापायला लागणं, चाल मंदावणं, तोंडाची चाळवाचाळव, हे सगळं त्याने होऊ शकतं. पार्किन्सनचं निदान घेऊन आलेल्या आणि ॲसिडिटीची कॅप्सूल बंद केल्यावर काही महिन्यांत नीट चालू लागलेल्या आजी मी पाहिल्यात. चक्करेसाठी चालू करून मग कोणी बंदच न केलेली फ्लुनारिझिन, सिनारिझिनही हेच करू शकतात. औषध म्हटलं की लोकांना बीपी-शुगरची गोळी आठवते. ॲसिडिटीची, 'ताकदीची', केसांची, वैद्यांनी दिलेली पुडी कोणी मोजतच नाही. पुडीत भस्म असेल आणि ते नीट बनवलेलं नसेल तर शिसं किंवा पारा असू शकतो. रोजच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-६ फार असेल तर उलट त्यानेच मुंग्या येतात. आणि जस्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर शरीरातलं तांबं कमी पडून मज्जारज्जू अगदी बी-१२ सारखाच बिघडतो.

तेव्हा तुमच्या जागी मी काय करीन? आधी यंत्रांनी नाही, हातांनी तपासणी : ट्यूनिंग फोर्क घोट्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का, डोळे मिटून अंगठा वर केलाय की खाली हे सांगता येतं का, हातोडीने ठोकल्यावर गुडघ्याचे आणि घोट्याचे झटके कसे आहेत, तळव्याला ओरखडा काढल्यावर अंगठा वर जातो का. दहा मिनिटांचं काम. त्यात मज्जारज्जूकडे बोट निघालं तर मानेचा आणि पाठीचा एमआरआय. रक्तात होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड, बी-१२ पेशीपर्यंत पोचतंय का ते या दोन तपासण्या जास्त खरं सांगतात. मात्र नवी इंजेक्शनं सुरू करायच्या आधी रक्त द्या, नंतर त्याही नॉर्मल होतात. सोबत तांबं, थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), एचआयव्ही आणि सिफिलिसची साधी चाचणी. शेवटच्या दोन नावांनी दचकू नका. पायांची खबर तुटलेल्या प्रत्येकाची ती करतात. आणि एक आठवून ठेवा : या अडीच वर्षांत पूर्ण भूल देऊन एखादं ऑपरेशन झालंय का? भुलीत वापरतात तो नायट्रस ऑक्साइड उरलंसुरलं बी-१२ निकामी करतो. तसंच, कोणी नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर घेऊ नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नस बिघडत राहते.

हे बी-१२ च आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून निदान करणाऱ्यापासून लांब राहावं, मीही त्यात आलो.

एनसीव्ही नॉर्मल असूनही नसांचा आजार असू शकतो, कारण ती फक्त जाड, वेगवान तंतू मोजते. आग, चटका, थंड-गरम वाहणारे बारीक तंतू तिच्या हिशेबातच नाहीत. त्यासाठी घोट्याच्या वरून कातडीचा ३ मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले तंतू मोजतात. ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे, आणि तुमचं दुखणं आग-चटक्यापेक्षा बधिरपणाचं जास्त दिसतं, म्हणून ते दुसऱ्या फेरीत. शिवाय कुष्ठरोग. हो, अजूनही. सरकारी व्याख्येप्रमाणे २००५ मध्ये देशातून त्याचं निर्मूलन झालं, पण त्याचा अर्थ रुग्ण संपले असा नव्हता. चट्टा नसतानाही तो नुसता नसांत असू शकतो. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागते का, हे तपासणाऱ्याने बोटाने चाचपायचं असतं. तव्याचा चटका बसला आणि फोड आल्यावरच कळलं, असं कधी झालंय का? औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

पापणी आणि पोटरीचं वळवळणं लवकर उरकतो, कारण तुम्ही त्यावर अर्धं पान खर्च केलंय आणि रात्री मोबाइलवर काय वाचलंत तेही त्यातून दिसतं. अडीच वर्षं नुसतं फडफडणं, आणि जिना चढायला, कुकरचं झाकण लावायला, भात कालवायला ताकद पूर्ण. मोटर न्यूरॉनचा आजार असा वागत नाही. तो थांबत नाही, ताकद खातो. अपुरी झोप आणि शाळेतले पाच चहा एवढं कारण पापणीला पुरतं. फक्त पापणी फडफडण्याऐवजी संध्याकाळी खाली पडायला लागली, एकाचे दोन दिसायला लागले, जेवताना जबडा थकला, तर ते वेगळं प्रकरण आहे. तेव्हा लगेच दाखवा आणि सकाळ-संध्याकाळ तोंडाचा फोटो काढून ठेवा.

विसरण्याचं म्हणाल तर, कोणत्या दिवशी, कोणत्या मुलाचं नाव, किती वेळाने आठवलं, हे सगळं तुम्ही मला बारकाईने लिहिलंय. ज्याची स्मृती जाते तो सहसा असं लिहीत नाही. त्याची बायको लिहिते.

आता तुमचा पहिला प्रश्न, मानसिक आहे का. तुम्हाला हवं असलेलं 'नाही' मी पटकन देणार नाही. न्यूरॉलॉजीत असे आजार खरोखर असतात ज्यात मेंदूची रचना शाबूत असते आणि काम बिघडतं. पाय लुळा पडतो, फिट्ससारखे झटके येतात, हात कापतो. त्यांना फंक्शनल म्हणतात. ते सोंग नसतं, आणि त्यांची आमच्या ओपीडीत वानवा नाही. पण या निदानाची एक शिस्त आहे : बाकी काही सापडलं नाही म्हणून ते करायचं नसतं. त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. १९०८ मध्ये हूवर नावाच्या डॉक्टरांनी सांगितलेली खूण आम्ही रोज वापरतो : झोपलेल्या रुग्णाला लुळ्या पायाची टाच गादीत दाबायला सांगितली तर दाबता येत नाही, पण चांगला पाय वर उचलायला सांगितला की तीच टाच आपोआप जोरात दाबली जाते. ताकद आहे, तिच्यापर्यंत जाणारा हुकूम वाटेत हरवतो. मी हे रुग्णालाच दाखवतो. पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण पहिल्यांदाच कोणीतरी 'काही नाही' न म्हणता 'हे बघा, हे आहे' म्हटलेलं असतं.

१९६५ मध्ये लंडनच्या एलियट स्लेटर यांनी 'हिस्टेरिया' म्हणून घरी पाठवलेल्यांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे दुसराच आजार निघाला होता. हे निदान म्हणजे डॉक्टरांच्या अज्ञानावरचं पांघरूण, असा त्यांचा सूर होता. २००५ मध्ये जॉन स्टोन आणि सहकाऱ्यांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर १९७० नंतर ही चूक सुमारे ४ टक्क्यांवर आलेली दिसली. म्हणजे नीट तपासून, खुणा दाखवून केलेलं फंक्शनल निदान भरवशाचं असतं. तुमच्या बाबतीत कोणती खूण दाखवली होती? पत्रात एकही नाही. झोपेची गोळी ही खूण नव्हे. आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतं : नस बिघडलेली, आणि अडीच वर्षं कोणी विश्वास न ठेवल्याने मनही थकलेलं. मनाचा इलाज घ्यायला मागे राहू नका, पण त्याच्या बदल्यात पायांची चौकशी बंद करू नका.

'फुल बॉडी'च्या ऐंशी-नव्वद तपासण्यांच्या पॅकेजच्या नादी लागू नका. बहुतेक तपासण्यांची नॉर्मल हद्द अशी आखलेली असते की निरोगी शंभरांतले पाच तिच्या बाहेर पडावेत. ऐंशी तपासण्या केल्या तर चार-दोन आकडे लाल येणारच, आणि पुढचे सहा महिने त्या लाल आकड्यांच्या मागे जातात.

पुणे-मुंबई? आत्ता नको. मिरज तर तुमच्या उंबऱ्याशी आहे, आणि ते दवाखान्यांचंच गाव. वर सांगितलेलं बहुतेक सगळं तिथे होतं. पाचवा डॉक्टर शोधण्यापेक्षा चारांतला जो सगळ्यात जास्त ऐकून घेत होता त्याच्याकडे परत जा. आम्ही डॉक्टर पहिल्या भेटीत चुकतो, तिसऱ्या भेटीत कमी चुकतो, कारण मधल्या काळात आजार स्वतःच बोलतो. तरीही पत्ता लागला नाही तर मुंबईचं केईएम, नायर, जे. जे., किंवा बेंगळुरूचं निम्हान्स. अशा ठिकाणी एका रुग्णाभोवती सात-आठ जण उभे राहून भांडतात, त्या भांडणाचा तुम्हाला फायदा. तिथे ओपीडीत सात मिनिटं मिळतील असं धरून चाला. एका कागदावर, एकाच बाजूला, वर्ष-महिन्याप्रमाणे काय कधी सुरू झालं ते लिहा. निष्कर्ष नकोत, घटना हव्यात. 'न्यूरोपॅथी वाढली' नको, 'जूनमध्ये चप्पल पहिल्यांदा राहिली' हवं. घरात कोणाला चालण्याचा त्रास होता का, आई-वडील एकमेकांच्या नात्यातले होते का, हेही लिहा. मामाच्या मुलीशी लग्नं आपल्याकडे होतात आणि आम्हाला ते विचारावंच लागतं. एमआरआयचा नुसता कागद नको, सीडी आणा. झोक जातो त्याचा व्हिडिओ यजमानांना काढायला सांगा, बाजूला एकजण धरायला उभा ठेवून.

एवढ्यात लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, नजर अंधुक झाली, एका बाजूची ताकद गेली, गिळताना ठसका लागायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी कॅज्युअल्टी.

आणि ॲसिडिटीच्या त्या गोळीची रिकामी स्ट्रिप टाकू नका. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन नावं आहेत का बघा, आणि ती गोळी कधीपासून चालू आहे ते त्या स्ट्रिपवरच पेनने लिहून आणा.